लहान आणि किशोरवयीन मुलांमधील सोरायसिस: निदान, उपचार आणि घरची काळजी

कवडसा

सोरायसिस हा पोक्त वयातला आजार आहे, अशी आपल्याकडे बहुतेकांची समजूत असते. त्यामुळे तो मुलांना झाला, तर सुरुवातीचे कित्येक महिने भलत्याच आजाराची औषधे चालू राहतात. वस्तुस्थिती अशी आहे की, सोरायसिस असलेल्या माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना त्याची सुरुवात विशीच्या आतच झालेली असते. माझी मुलगी सध्या आठवीत आहे. आधी डोक्यात दाट, चिकटून बसणारा कोंडा, मग कानामागे आणि केसांच्या कडेला चट्टे, आणि पुढे कोपर व गुडघे, अशा क्रमाने तिचा आजार दिसू लागला. कोंड्याचा शाम्पू, नायट्याचे मलम, इसबाची औषधे असे सगळे होऊन गेल्यावर एका त्वचारोगतज्ज्ञांनी तिची नखे निरखून पाहिली. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे जे बारीक खळगे होते, त्यांवरून त्यांनी निदान पक्के केले. डोक्यातल्या कोंड्यासाठी आलेल्या मुलाची नखेही पाहावी लागतात, हे माझ्या ओळखीतल्या कोणत्याच पालकांना ठाऊक नाही.

मराठीत या विषयावर जे वाचायला मिळते, ते एक तर प्रौढांसाठी असते किंवा आजार मुळापासून घालवण्याच्या जाहिरातींच्या अंगाने जाते, म्हणून हा धागा काढत आहे. मला समजले आहे ते थोडक्यात असे. निरोगी त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारसंस्था त्वचेतच दाह निर्माण करत राहते, त्यामुळे हेच काम चार-पाच दिवसांत उरकले जाते आणि अपक्व पेशींचे थर खपल्यांच्या रूपाने साचत जातात. हा जंतूंचा आजार नाही. तो स्पर्शाने, टॉवेलने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. त्याला आनुवंशिक बाजू आहे, पण घराण्यात कोणालाही नसताना तो एखाद्या मुलाला होऊ शकतो. आमच्याकडे तसेच झाले, आणि तरीही 'तुमच्याकडून की त्यांच्याकडून' हा प्रश्न नातेवाइकांनी विचारायचा सोडला नाही.

वाचन आणि अनुभव यांवरून माझे मत असे झाले आहे की, मुलांचे नुकसान आजाराने जितके होते, जवळजवळ तितकेच उपचारांतल्या धरसोडीने होते. चट्टे कमी झाले की औषध बंद, पुन्हा आले की नवा डॉक्टर, त्याच्याकडे गुण आला नाही की कोणी सुचवलेले चूर्ण, असे चक्र घराघरांत चालते. अनेक वर्षे सोबत राहणाऱ्या आजाराला अनेक वर्षांची आखणी लागते, आणि ती एकाच जागी नोंदवलेली असावी लागते.

जाणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी स्टेरॉइड मलमांबद्दल स्पष्ट लिहावे, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची इतकी धास्ती आहे की लिहून दिलेले औषधही अर्धेच लावले जाते. सांध्यांवर लक्ष कसे ठेवावे आणि शाळेला काय सांगावे, हेही अनुभवी पालकांकडून जाणून घ्यायचे आहे. कृपया कोणत्याही खासगी उपचारकेंद्राची जाहिरात येथे करू नये.

निंबोणी

कवडसाताई, मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. येथे लिहिलेले कोणत्याही एका मुलासाठीचे औषधपत्र समजू नये, इतके सांगून तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते.

निदान उशिरा होण्याचे एक कारण आपल्या त्वचेच्या रंगात आहे. पुस्तकांतली आणि इंटरनेटवरची बहुतेक छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असतात. त्यांत चट्टे लालभडक दिसतात आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे असतात. सावळ्या त्वचेवर तेच चट्टे जांभळट, करडे किंवा नुसतेच काळपट दिसतात. चट्टा बरा झाल्यावर त्या जागी काही महिने पांढुरका किंवा गडद डाग राहतो. पांढुरका डाग दिसला की आई-वडील कोड झाले म्हणून घाबरून येतात. तो कोडाचा डाग नसतो आणि बहुतेक वेळा आपोआप भरून येतो. दुसरे कारण असे की मुलांमधले चट्टे पातळ असतात, त्यांवर खपल्या कमी असतात, आणि ते चेहरा, पापण्या, काखा, जांघा अशा ठिकाणीही येतात. तान्ह्या बाळांमध्ये तर लंगोटाच्या जागी ठळक कडांचा लालसर पट्टा एवढेच लक्षण असू शकते.

आता स्टेरॉइडविषयी. औषधाचे नाव एकच असले, तरी ते किती तीव्र आहे, शरीराच्या कोणत्या भागावर लावले आणि किती दिवस लावले, यावर सगळे अवलंबून असते. टाळूवर किंवा कोपरावर मध्यम ते तीव्र मलम काही आठवडे लावणे आणि तेच मलम चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळणे, या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दीर्घकाळ चुकीच्या जागी वापरल्यास त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर पुरळ आणि लव येते, आणि किशोरवयीन मुलांच्या जांघेत व काखेत कायमचे ताणाचे पट्टे उमटतात. म्हणून चेहरा आणि घड्या यांसाठी आम्ही बहुधा सौम्य स्टेरॉइड थोडेच दिवस देतो, किंवा टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम देतो. अंगावरच्या चट्ट्यांसाठी कॅल्सिपोट्रिऑल हे 'ड' जीवनसत्त्वाच्या वर्गातले औषध जोडीला असते. चट्टे आटोक्यात आले की मलम एकदम बंद करायचे नसते, तर रोजचे आठवड्यातून दोन दिवसांवर आणायचे असते. कवडसाताई ज्या धरसोडीबद्दल लिहितात, ती नेमकी याच टप्प्यावर घडते.

प्रमाणाचा अंदाज नसल्यामुळेही लोक घाबरून फार कमी लावतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम मलम, आणि ते मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. खपल्या सैल करणारे सॅलिसिलिक ॲसिड लहान मुलांच्या अंगावर मोठ्या भागाला लावू नये, कारण ते त्वचेतून रक्तात शोषले जाते.

भीती बाळगायचीच असेल, तर ती दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांची बाळगावी. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असलेल्या ट्यूब आपल्याकडे घरोघरी सापडतात. 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घालून ती चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती सहज मिळतात. अशा मलमाने नायटा दबून विचित्र रूप घेतो, सोरायसिस तात्पुरता झाकला जातो, आणि मूल आमच्याकडे येते तेव्हा मूळ आजार कोणता हे ओळखणेच अवघड होते. मग खपली खरवडून बुरशीची तपासणी, आणि क्वचित त्वचेचा तुकडा काढून तपासणी करावी लागते. सोरायसिसच्या मुलाला स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन 'लवकर गुण यावा' म्हणून देणे तर धोक्याचेच आहे, कारण त्या थांबवल्यावर आजार उसळून येतो आणि कधी अंगभर पूयुक्त फोड उठून मुलाला रुग्णालयात दाखल करावे लागते.

घाटवाट

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला घसा दुखून ताप आला, तो उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी छाती-पाठीवर आणि दंडांवर पावसाच्या थेंबांएवढे असंख्य ठिपके एकदम उठले. प्रथम कांजिण्या वाटल्या, पण त्यांत पाणी नव्हते. आमच्या डॉक्टरांनी हा सोरायसिसचाच एक प्रकार असल्याचे सांगितले. हा आता जन्मभर राहणार का, आणि पुन्हा घसा बिघडला तर काय करावे, याची आम्हाला काळजी लागली आहे.

निंबोणी

घाटवाट, तुम्ही वर्णन केलेल्या प्रकाराला गटेट सोरायसिस म्हणतात, आणि तो मुलांमध्ये व तरुणांमध्येच जास्त दिसतो. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा घशाचा संसर्ग हे त्याचे सर्वांत परिचित निमित्त आहे. त्या जिवाणूविरुद्ध जागी झालेली प्रतिकारसंस्था, मुलाची जनुकीय घडण तशी असेल तर, त्वचेवरही उलटते. एचएलए-सी-०६:०२ हा जनुकाचा प्रकार असलेल्या मुलांत हे अधिक आढळते. बऱ्याच मुलांमध्ये हे ठिपके तीन-चार महिन्यांत जातात. काहींना पुढे नेहमीचा चट्ट्यांचा सोरायसिस होतो, आणि कोणाला होईल हे आधी निश्चित सांगता येत नाही. ठिपके फार असतील तर मलमापेक्षा अरुंद पट्ट्याच्या अतिनील किरणांचा उपचार चांगला लागू पडतो. ही 311 नॅनोमीटरच्या आसपासची किरणे असतात, आठवड्यातून दोन-तीन वेळा जावे लागते, आणि डोळ्यांना चष्मा लावून कपाटासारख्या यंत्रात शांत उभे राहण्याइतके मूल मोठे असावे लागते.

पुन्हा घसा दुखला तर दुर्लक्ष करू नका. तपासणीत स्ट्रेप्टोकोकस आढळला, तर प्रतिजैविकांचा पूर्ण क्रम घ्यावाच, कारण याच जिवाणूमुळे होणारा संधिवाताचा ताप आपल्या देशात अजूनही मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी करतो. प्रतिजैविकाने सोरायसिस मात्र लवकर बरा होतोच, असे सिद्ध झालेले नाही, म्हणून ठिपके गेले नाहीत म्हणून त्याच गोळ्या पुन्हापुन्हा देऊ नयेत.

पानगळ

सर्व प्रतिसाद आदराने वाचले. आमच्या कुटुंबात आयुर्वेदावर श्रद्धा आहे. पुतणीला वैद्यांनी दूध, दही, मीठ, आंबट, वांगे, मासे आणि गहू वर्ज्य करायला सांगितले असून काही महिन्यांपासून हे पथ्य चालू आहे. चट्ट्यांत थोडा फरक वाटतो, पण तिचे वजन उतरले आहे आणि ती डबा न खाता परत आणते. पथ्य सोडले तर आजार वाढेल, या भीतीने घरात कोणी बोलत नाही.

कवडसा

पानगळ, तुमची काळजी मला जवळची वाटते, कारण आम्हालाही अशीच यादी मिळाली होती आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यावर सविस्तर सांगितले होते. दूध, दही किंवा गहू बंद केल्याने मुलांचा सोरायसिस कमी होतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. गव्हाचा अपवाद एकाच स्थितीत करतात, ती म्हणजे सिलिॲक हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार तपासणीत सिद्ध झाला असेल तेव्हा. आणि ती रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते, आधीच बंद केला तर निकाल फसवा येतो. आहाराचा खरा संबंध वजनाशी आहे. लठ्ठ मुलांमध्ये सोरायसिस अधिक आढळतो आणि अधिक तीव्र असतो, म्हणून ज्या मुलांचे वजन जास्त आहे त्यांनी ते कमी करणे उपयोगाचे ठरते. तुमच्या पुतणीचे वजन उतरत आहे, ती वाढीच्या वयात आहे, आणि या वयात प्रथिने, कॅल्शियम व लोह यांची जी तूट पडते ती पुढे भरून काढणे कठीण जाते. तिची उंची-वजनाची नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांना लवकर भेटावे, असे मी मनापासून सुचवते.

कोणत्याही पद्धतीचे औषध चालू असले, तरी त्यातील घटक लेखी मागून घ्यावेत. पुडीतून दिल्या जाणाऱ्या बिननावाच्या औषधांत कधी जड धातू तर कधी स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. खोबरेल तेलाबद्दल मात्र माझे मत चांगले आहे. टाळूवर रात्री कोमट खोबरेल लावून ठेवल्यास सकाळी खपल्या न ओरबाडता निघतात, आणि हे घरातल्या आजीलाही पटते.

सागरगोटा

सांध्यांविषयी मी लिहिते, कारण माझ्या मुलाच्या बाबतीत सांधे आधी आणि त्वचा नंतर असे झाले. तो सकाळी उठल्यावर लंगडत चालायचा आणि दुपारपर्यंत मैदानावर धावायचा, त्यामुळे शाळा चुकवण्याचे निमित्त करतो आहे, असा सगळ्यांचा समज झाला. नंतर पायाचे एक बोट मुळापासून टोकापर्यंत सारखे सुजले. बालसंधिवाताच्या तज्ज्ञांनी ते बोट पाहिले, नखे पाहिली आणि घरात कोणाला सोरायसिस आहे का, असे विचारले. माझ्या सख्ख्या भावाला तो आहे. मुलाच्या अंगावर तेव्हा एकही चट्टा नव्हता. तो पुढे बेंबीत आणि कानाच्या मागे आला.

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली सांधेसूज, जिचे दुसरे कारण सापडत नाही, तिला बालसंधिवात म्हणतात, आणि सोरायसिसशी जोडलेला संधिवात हा त्याचाच एक गट आहे. यात संधिवाताचा रक्तातला नेहमीचा घटक बहुधा निगेटिव्ह येतो, त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. वाढीच्या वयातले पाय दुखणे आणि हे दुखणे यांतला फरक आम्हाला तज्ज्ञांनी समजावला, तो येथे देते. वाढीचे दुखणे संध्याकाळी किंवा रात्री येते, दोन्ही पायांत असते, पाय चेपून दिले की थांबते, सांध्यावर सूज नसते आणि सकाळी मूल ठणठणीत असते. संधिवाताचे दुखणे सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर जास्त असते, सांधा आखडलेला असतो, आणि हालचालीनंतर सैल होतो. टाचेचे दुखणेही सांगायला हवे, कारण स्नायूबंध हाडाला जिथे जोडलेला असतो तिथेही सूज येते.

माझी सर्व पालकांना कळकळीची विनंती डोळ्यांबद्दल आहे. या मुलांच्या डोळ्यांच्या आत असा दाह होऊ शकतो की ज्यात डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि मूल तक्रारही करत नाही. दृष्टी मात्र हळूहळू जाते. तो फक्त नेत्रतज्ज्ञांकडच्या स्लिट लॅम्प तपासणीत दिसतो. सांधे धरले असतील, तर मुलाचे वय आणि एएनए ही रक्ततपासणी पाहून दर तीन महिन्यांपासून ते वर्षापर्यंत ठरलेल्या अंतराने ही तपासणी करावी लागते. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे.

माझ्या मुलाला मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिले गेले, तर तोंडात व्रण पडतात, रक्तपेशी झपाट्याने घटतात आणि जीव धोक्यात येतो. आम्ही वार ठरवला आहे, डॉक्टरांकडून तो वार चिठ्ठीवर अक्षरी लिहून घेतला आहे, आणि डबी आजोबांच्या रोजच्या गोळ्यांपासून दूर ठेवतो. फोलिक ॲसिड इतर दिवशी असते, रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या नियमाने होतात. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना हे औषध चालू असल्याचे आधी सांगावे, कारण कोट्रायमॉक्साझोलसारखे साधे प्रतिजैविकही त्याच्यासोबत घातक ठरू शकते.

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आपण शाळेविषयी विचारले आहे, म्हणून माझे म्हणणे मांडते. वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षकांना भेटून डॉक्टरांचे अर्ध्या पानाचे पत्र द्यावे. हा आजार संसर्गजन्य नाही, पोहणे, कबड्डी, मल्लखांब यांपैकी कशालाही मनाई नाही, आणि घाम व घर्षण यांमुळे चट्टे चिघळत असतील तर लांब बाह्यांचा सुती गणवेश चालावा, एवढे त्यात स्पष्ट असावे. 2014 साली जागतिक आरोग्य सभेने केलेल्या ठरावातही हा असंसर्गजन्य आजार असल्याचे नमूद आहे. पालकसभेत कोणी आक्षेप घेतल्यास त्याचा उपयोग होतो.

वर्गात सर्वांसमोर त्या मुलाला उभे करून आजार समजावून सांगण्याची कल्पना काही सहकाऱ्यांना चांगली वाटते. मुलाने स्वतः होकार दिल्याशिवाय तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे. आरोग्याच्या तासाला कोड, चाई, मधुमेह, दमा यांच्यासोबत सोरायसिसचाही धडा घेतला, तर कोणाकडेही बोट न दाखवता माहिती पोहोचते. बाक बदलून मागणाऱ्या मुलाशी मात्र त्याच दिवशी बोलावे, आणि त्याच्या पालकांनाही फोन करावा, कारण ती भीती बहुतेक वेळा घरून आलेली असते.

टेकडी

मला अकराव्या वर्षी सोरायसिस झाला आणि आता मी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. येथे सर्व पालक आणि डॉक्टर लिहीत आहेत, म्हणून ज्याच्या अंगावर हा आजार असतो त्याच्या बाजूने थोडे लिहितो.

आई-वडिलांचे प्रेम मला समजत होते, तरीही रोज सकाळी सदरा वर करून चट्टे मोजले जाणे मला असह्य व्हायचे. आज कमी आहे की जास्त, यावर घरातला सगळा दिवस ठरायचा. आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवावा आणि इतर दिवशी विषय काढू नये, अशी माझी विनंती आहे. मलम निवडताना मुलाला विचारावे. डॉक्टर जाड मलम लिहून देतात, ते कपड्यांना लागते, वही तेलकट होते, कोल टारचा वास वर्गात जाणवतो, आणि मग मूल ते लावतच नाही. तेच औषध लोशन, जेल किंवा फोम या रूपात मिळत असेल तर सकाळी ते आणि रात्री जाड मलम, अशी विभागणी करता येते. मला हे सांगणारे डॉक्टर फार उशिरा भेटले आणि त्यानंतर माझे औषध कधी चुकले नाही.

किशोरवयीन मुलाला डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलू द्यावे. जननेंद्रियांवरही चट्टे येतात, आणि आई शेजारी बसलेली असताना पंधरा वर्षांचा मुलगा ते सांगत नाही. जिथे त्वचेला इजा होते तिथे नवा चट्टा उठतो, याला कोबनर परिणाम म्हणतात. म्हणून नवी दाढी, टॅटू, कान-नाक टोचणे, घट्ट पट्टा, अगदी दप्तराचा काचणारा बंद, यांविषयी कोणी तरी न रागावता बोलायला हवे असते. दहावीच्या परीक्षेच्या सुमारास माझे अंग सर्वांत जास्त भरले होते. झोप लागत नव्हती, कोणाला भेटावेसे वाटत नव्हते, आणि ते सगळे 'अभ्यासाचे टेन्शन' या नावाखाली गेले. सोरायसिस असलेल्या मुलांत नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण जास्त आढळते. मूल आरशात पाहायचे टाळू लागले, मित्रांचे वाढदिवस टाळू लागले, तर ते चट्ट्यांइतकेच गंभीर लक्षण समजून समुपदेशकांची भेट घ्यावी.

दूरदेशी

आम्ही इंग्लंडमध्ये असतो. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला मलम, किरणोपचार आणि मेथोट्रेक्सेट यांनी पुरेसा गुण न आल्यामुळे आता बायोलॉजिक इंजेक्शन चालू आहे, आणि तिची त्वचा जवळजवळ निवळली आहे. येथे 2017 साली नाइस या, सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या, संस्थेने मुलांसाठी ॲडॅलिम्युमॅब, इटॅनरसेप्ट आणि उस्टेकिन्युमॅब यांच्या वापराची शिफारस केली, त्यामुळे खर्च आम्हाला पडत नाही. भारतातल्या बहिणीच्या मुलाला हेच औषध सुचवले आहे, पण तिच्या मनात दोन शंका आहेत. तिकडे क्षयरोग जास्त असताना ही इंजेक्शने सुरक्षित आहेत का? आणि एक ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार झाला की दुसरेही होत जातात का? तिच्या मुलाला कांजिण्यांची लसही अद्याप दिलेली नाही.

निंबोणी

बायोलॉजिक औषधे प्रतिकारसंस्थेतला एखादाच निरोप अडवतात, म्हणजे टीएनएफ, किंवा इंटरल्यूकिन-17, किंवा इंटरल्यूकिन-23 यांसारखे दाह वाढवणारे एखादे प्रथिन. अमेरिकेत मुलांच्या सोरायसिससाठी इटॅनरसेप्टला 2016 साली मान्यता मिळाली, ती चार वर्षांपासून पुढच्या वयासाठी. त्यानंतर सहा वर्षांवरील मुलांसाठी आणखी काही औषधे आली. क्षयाची शंका रास्त आहे. शरीरात सुप्त असलेला क्षय, विशेषतः टीएनएफ अडवणाऱ्या औषधांमुळे, जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणारी मांटू ही त्वचेची किंवा इग्रा ही रक्ताची तपासणी करतात, सुप्त क्षय आढळल्यास त्याची औषधे आधी सुरू करतात, आणि पुढेही खोकला, ताप, वजन घटणे यांवर लक्ष ठेवतात. घरात कोणाला क्षय झाला असेल तर ते लपवू नये. खर्चाचा भार मोठा असल्यामुळे आपल्याकडे बहुतेक मुलांना मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिन आधी दिले जाते, आणि योग्य देखरेखीखाली त्यांनीही चांगला गुण येतो. ॲसिट्रेटिन हे औषध वयात आलेल्या मुलींना आम्ही शक्यतो देत नाही, कारण ते थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. मेथोट्रेक्सेटही गर्भाला घातक आहे, आणि किशोरवयीन मुलींना हे वेळेवर, अवघडून न जाता सांगितले पाहिजे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की, शक्यता थोडी वाढते, पण एकामागून एक आजार होतच जातात असे नाही. सोरायसिसच्या मुलांमध्ये सांधे, डोळे आणि क्रोन्ससारखा आतड्याचा दाह यांचा विचार मनात ठेवावा. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, वाढ खुंटणे ही त्याची चिन्हे. कोड आणि चाई यांच्यासोबत थायरॉइडचा आजार अधिक दिसतो, म्हणून त्या मुलांची थायरॉइड तपासणी आम्ही करून घेतो. लक्षण नसताना सगळ्या तपासण्यांची माळ लावण्याने मात्र मूल थकते आणि पैसे जातात. वजन आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत, सांधे व नखे प्रत्येक भेटीत, आणि बाकीचे लक्षणांनुसार, हे पुरेसे असते.

लसीबद्दल तुमच्या बहिणीने लगेच डॉक्टरांशी बोलावे. कांजिण्या आणि गोवर-रुबेला या जिवंत जंतूंच्या लसी आहेत. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाल्यावर त्या सहसा देता येत नाहीत. राहिलेले डोस आधी देऊन, साधारण चार आठवड्यांचे अंतर ठेवून मग इंजेक्शन सुरू करतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये कांजिण्यांच्या दोन डोसांमध्ये तीन महिन्यांचे अंतर असते आणि तेरा वर्षांपासून पुढे चार आठवड्यांचे, त्यामुळे मुलाचे वय सांगून वेळापत्रक लिहून घ्यावे. तोपर्यंतचे आठवडे मलम आणि किरणोपचार यांवर काढता येतात. इन्फ्लुएन्झाची इंजेक्शनने दिली जाणारी लस मात्र उपचार चालू असतानाही दरवर्षी देता येते.